गोल्फच्या चार फेऱ्या

"तुम्ही गोल्फ कधीपासून खेळायला लागलात?" बायकोने विचारलं. तिच्या एका हातात लसणाचा गड्डा होता आणि दुसऱ्या हातात माझ्या नव्या क्रेडिट कार्डाबरोबर आलेली गुळगुळीत पुस्तिका. वर्षाला गोल्फच्या चार फेऱ्या मोफत, असं तिच्यात सोनेरी अक्षरांत छापलं होतं.

"खेळत नाही. पण उद्या खेळावंसं वाटलं तर?"

डोंबिवलीत राहणाऱ्या, बावन्नाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून जिना उतरणाऱ्या माणसाला उद्या गोल्फ खेळावंसं का वाटेल, हे तिने विचारलं नाही. ती लसूण सोलत राहिली. आमच्याकडे वाद असेच संपतात. वास्तविक आमच्या इथे गोल्फला चांगला वाव आहे. घरापासून स्टेशनपर्यंत अठराच्या वर भोकं तयार आहेत, दर पावसाळ्यात त्यांत भर पडते. चेंडू तेवढा आणायचा.

मुद्दा असा की कार्डांच्या बाबतीत मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो. "आधी आपल्या गरजा ओळखा, मग कार्ड निवडा," हे वाक्य मी ऑफिसात डबा खाताना इतक्यांना ऐकवलं की पोरं मला 'कार्डकाका' म्हणायला लागली. आदराने म्हणतात, असा माझा समज होता. स्वतःच्या गरजा ओळखून मी चार कार्डं घेतली होती. एक पेट्रोलसाठी, कारण माझ्याकडे स्कूटर आहे. एक सिनेमाचं, एका तिकिटावर दुसरं फुकट देणारं. एक विमानतळावरच्या लाउंजचं. आणि हे गोल्फचं, जे का घेतलं ते वर आलंच आहे.

लाउंजचं सांगतो. मावसभावाच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं, विमान दुपारी अडीचचं. लाउंज पुरेपूर उपभोगता यावं म्हणून मी बायकोला अकरा वाजताच विमानतळावर नेऊन बसवलं. दारावर कार्ड घासलं, दोन रुपये कापले गेले आणि दोन रुपयांत अमर्याद उपमा माझ्यापुढे खुला झाला. मी तीनदा घेतला. बायकोच्या ताटलीतला ढोकळा संपायच्या आत तिला आणखी आणून दिला. "अहो, लग्नात जेवायचंय," ती म्हणाली. पण लग्नातल्या जेवणात तो मान कुठे? नागपूरला पोचल्यावर मी काही खाऊ शकलो नाही आणि मावशी अजून मनात धरून आहे. पुढच्या वेळी त्याच दारावर कळलं की आधीच्या तीन महिन्यांत ३५,००० रुपये खर्च केले असतील तरच आत सोडतात. मी बाहेरच्या बाकावर बसून घरून आणलेला पराठा खाल्ला. उपम्यापेक्षा चांगला होता.

पॉइंटांचं गणितही मला तोंडपाठ होतं. दीडशे रुपयांच्या खर्चावर दोन पॉइंट, एका पॉइंटची किंमत २५ पैसे. म्हणजे दीडशे रुपये घालवा आणि आठ आणे कमवा. हे मी लोकांना सांगताना फक्त 'दोन पॉइंट' एवढंच सांगायचो. वर्षात दीड लाख खर्च झाला तर ४९९ रुपयांची वार्षिक फी माफ. मार्चमध्ये सहा हजार कमी पडत होते, म्हणून मी सहा हजारांची चाकवाली बॅग घेतली आणि जीएसटीसकट ५८८ रुपये ८२ पैसे वाचवले. बॅग माळ्यावर आहे.

आता माझ्या अत्यंत आवडीच्या विषयाकडे येतो. वाचकांना घाई असेल तर त्यांनी चहा टाकून यावं.

कार्ड घासलं की दुकानाचं नाव बँकेकडे जातंच, पण त्याबरोबर एक चार आकडी कोड जातो. किराणा ५४११. पेट्रोलपंप ५५४१. हॉटेलातलं जेवण ५८१२, झटपट खाणं ५८१४. पुस्तकं ५९४२, दागिने ५९४४, सिनेमागृह ७८३२. नाटकाच्या तिकिटांना ७९२२ आणि गोल्फला ७९९२, म्हणजे रंगभूमी आणि गोल्फ यांत एका आकड्याचाच फरक, हे मी शोधून काढलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. न्हाव्याला ७२३० आहे. अंत्यसंस्काराला ७२६१ आहे. जावळापासून सरणापर्यंत माणसाची सगळी सोय आहे. तुम्हाला किती पॉइंट द्यायचे ते तुम्ही काय घेतलंत त्यावर ठरत नाही. दुकानदाराने मशीन कुठल्या कोडाखाली घेतलं त्यावर ठरतं. आमच्या कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअर्सचा कोड ५२५१ निघाला, म्हणजे हार्डवेअर! खोदून विचारल्यावर मालकांनी सांगितलं की मशीन मूळ त्यांच्या मेव्हण्याचं, त्याचं नळाच्या तोट्यांचं दुकान होतं. त्यामुळे बायकोने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटलेल्या चाळीस गाळण्या बँकेच्या दप्तरी लोखंडी सामान म्हणून जमा आहेत. मिसळ ५८१२ की ५८१४, यावर मी एका मिसळवाल्याशी हुज्जत घातली. मिसळ झटपट खाता येत नाही, हे माझं म्हणणं. "साहेब, मागे लाइन आहे," हे त्याचं.

या कोडांच्या नादात मी एका रविवारी वर्षभराची सगळी स्टेटमेंटं काढली आणि प्रत्येक खर्चापुढे कोड लिहायला बसलो. माझी खरी गरज काय, त्याप्रमाणे एकच उत्तम कार्ड ठेवायचं, असा बेत होता. मनातल्या मनात मी एक माणूस गृहीत धरला होता: महिन्याला दोन नाटकं बघणारा, पुस्तकं घेणारा, अधूनमधून विमानाने हिंडणारा. स्टेटमेंटांत तो कुठेच सापडेना. नाटक एक, तेही गणपतीआधीचं. पुस्तकं दोन, त्यांतलं एक भाचीच्या स्पर्धापरीक्षेचं. सिनेमा शून्य, म्हणजे ते एकावर एकवालं कार्ड वर्षभर पाकिटात नुसतं ऊन खात पडलं होतं. पेट्रोल आणि विजेचं बिल भरपूर, पण त्यांवर पॉइंट नाहीत. नियमपत्रिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत तसं लिहिलंय. ज्यावाचून घर चालत नाही त्याला शून्य आणि ज्यावाचून कुणाचं काही अडत नाही त्याला दहापट, हा हिशेब कुणी मांडला ते मला एकदा भेटून विचारायचं आहे.

सगळ्यात जास्त वेळा आला होता तो ५९१२. औषधांचं दुकान. दर महिन्याच्या तीन-चार तारखेला: आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, नेब्युलायझरची औषधं, मोठ्या माणसांचे डायपर. ते आणताना मी सुरुवातीला पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून घ्यायचो, मग काळी पिशवी, मग तसंच. मार्चपासून रक्कम वाढत गेलेली दिसते. ऑगस्टमध्ये एका आठवड्यात पाच वेळा ५९१२. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला शेवटचा, १८६ रुपयांचा. त्यानंतर वर्षभरात एकही नाही. ७२६१ कुठेच नाही. त्या दिवशीचं सगळं शेजारच्या काकांनी रोखीने भागवलं होतं.

मी पेन खाली ठेवलं.

त्याच ऑक्टोबरचं बिल भरायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. ३८,००० पैकी किमान रक्कम तेवढी कधीतरी भरली, आणि महिन्याला साडेतीन टक्क्यांनी तेराशेच्या वर व्याज लागलं. त्यावर १८ टक्के जीएसटी. लेट फीसाठी मी कस्टमर केअरला फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने विलंबाचं कारण विचारलं. तिच्यापुढे यादी असणार, तिला एक पर्याय निवडायचा होता. मी कारण सांगितलं. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सर, लेट फी मी काढून टाकते. व्याज सिस्टिम लावते, ते माझ्या हातात नाही." आणि फोन ठेवायच्या आधी मराठीत, हळू आवाजात, "जेवत जा वेळेवर."

त्या वर्षी गोल्फच्या कार्डावर मला एकूण ४,१८० पॉइंट मिळाले. ३,१३,५०० रुपये खर्च, १,०४५ रुपये बक्षीस. व्याजाने ते कधीच खाल्लं होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तीन रविवार बसलात ना त्या कोडांना? माळे तरी साफ झाले असते."

बाकीची तीन कार्डं मी बंद केली. बाकी नसेल तर अर्ज केल्यापासून कामाच्या सात दिवसांत बँकेने कार्ड बंद केलंच पाहिजे, नाहीतर पुढे दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होतो. तिन्ही कार्डं सहाव्या दिवशी बंद झाली. आयुष्यातलं सगळ्यात मोठं रिवॉर्ड दोन दिवसांनी हुकलं.

पॉइंट अजून तसेच आहेत. कॅटलॉगमध्ये औषधांच्या दुकानाचं हजाराचं व्हाउचर आहे, ते आता आम्हाला नको. मिक्सर आहे, पण त्याला ९,००० पॉइंट लागतात.

गोल्फच्या कार्डाची फी यंदा भरून झाली आहे. चारही फेऱ्या शिल्लक आहेत, मुदत मार्चअखेर. वाचकांपैकी कुणाला खेळ येत असेल तर कळवावं. कार्ड माझ्या नावाचं असल्यामुळे मला बरोबर न्यावं लागेल. डबा मी आणीन.