आवडती गायिका लग्न करून निवृत्त झाल्यास: नवशिक्या चाहत्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

सर्वप्रथम हे पक्कं ध्यानात घ्या की तुमचं तिच्याशी काहीही नातं नाही. लग्नाची पत्रिका तुम्हाला येणार नाही, आहेर करायची सोय नाही. सुतक मात्र पूर्ण पाळावं लागेल.

सरावासाठी जपानच्या मोमोए यामागुची यांचं प्रकरण घ्यावं. 1973 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड, आणि पुढची सात वर्षं गाणी, मालिका, सिनेमे यांचा नुसता धडाका. ‘इझूची नर्तकी’ (1974) या सिनेमात त्यांचा नायक होता तोमोकाझू मिउरा. जोडी जमली, पुढचे सिनेमे निघाले, प्रेक्षकांनी दोघांना डोक्यावर घेतलं. थोडक्यात, पदरचे पैसे मोडून ही सोयरीक चाहत्यांनीच जुळवली. तेव्हा पडद्यावरच्या जोडीला ‘काय शोभतात हो!’ म्हणण्याआधी नवशिक्यांनी जीभ चावावी.

1979 च्या ऑक्टोबरात ओसाकातल्या कार्यक्रमात मोमोएंनी स्टेजवरूनच प्रेमाची कबुली देऊन टाकली. मार्च 1980 मध्ये साखरपुडा आणि निवृत्ती एकदमच जाहीर झाली. वय एकवीस. इथे नवखा चाहता हमखास घसरतो. बातमीतला लग्नाचा भाग तो वाचतो आणि निवृत्तीचा भाग ‘असं सगळेच म्हणतात’ म्हणून सोडून देतो. तसं करू नये.

आता मुख्य प्रात्यक्षिक. 5 ऑक्टोबर 1980, तोक्योचं बुदोकान सभागृह. अंगात पांढरा पोशाख, हातात पांढरा माइक. शेवटचं गाणं संपतं. त्या वाकून नमस्कार करतात, माइक स्टेजवर अलगद खाली ठेवतात आणि पाठ फिरवून चालू लागतात. एवढंच. रडायची जागा तीच. गाणं चालू असताना रडलात तर माइक ठेवताना डोळे कोरडे पडतील, म्हणून जरा दम धरावा. जपानच्या एनएचके वाहिनीने 2021 मध्ये हा कार्यक्रम पुन्हा दाखवला, त्यामुळे उशिरा जन्मलेल्यांचीही सोय झाली आहे.

यानंतर नवरदेवाला शिव्या घालणे. ही पायरी वाटते तितकी सोपी नाही, कारण माणूस नट म्हणून चांगला आहे. विम वेंडर्सच्या ‘परफेक्ट डेज’मध्ये रात्री नदीकाठी सावल्यांवर पाय देण्याचा खेळ खेळणारा तो आजारी गृहस्थ आठवतो? तोच हा. राग धरून सिनेमाला बसावं आणि त्या प्रसंगाला विरघळावं, अशी आपली गत होते.

बाकी लग्न दोघांचं झालं आणि काम एकीनेच सोडलं, हे खटकतं का? खटकायलाच हवं. पण मोमोएंचं आत्मचरित्र निवृत्तीच्याच वर्षी आलं आणि त्यात वडिलांचा आधार नसलेलं बालपण त्यांनी उघडपणे मांडलं आहे. अशा मुलीला टाळ्यांपेक्षा घर हवंसं वाटलं, तर तिला शहाणपण शिकवणारे आपण कोण? निर्णय तिचा होता, सगळ्यांना जाहीर सांगून घेतलेला. आपल्याकडे विशारद झालेल्या कितीतरी काकवांचे तानपुरे लग्नानंतर गवसणीत गेले, ते कुणी त्यांना विचारून नव्हे. तिथे सुतक पाळायला एकही चाहता फिरकला नाही. माझ्या मते हळहळायचंच असेल तर आधी तिथे हळहळावं.

पुनरागमनाची वाट पाहण्याची पायरी या मार्गदर्शिकेत मुद्दाम ठेवलेली नाही. 19 नोव्हेंबर 1980 ला लग्न झालं. मुलगे झाले, त्यांतला एक गायक झाला, दुसरा नट. मोमोए गोधड्या शिवतात आणि त्यांच्या गोधड्यांचं पुस्तक 2019 मध्ये निघालं. गायला मात्र त्या एकदाही स्टेजवर परतलेल्या नाहीत.