पाणी आत येणारच

कराडला खेटलेलं मलकापूर चोवीस तास पाण्यासाठी गाजलं. इथे नळाला रात्री-अपरात्रीही पाणी असतं, अर्थात मीटर लावून. जूनपासून चार महिने मात्र बिनमीटरची दुसरी एक योजना चालते: आगाशिवच्या डोंगरावर निघालेल्या प्रत्येक पुरुषाच्या बुटाला अखंड पाणीपुरवठा. या योजनेला विरोध करण्यात अर्थ नाही, असं माझं मत आहे. पाणी आत येणारच; ते बाहेर कसं जाईल एवढंच बघायचं. त्यासाठी मागे पट्टा आणि खाली जाड रबरी तळ असलेली सँडल, म्हणजे आपले फ्लोटर्स, यांना तोड नाही.

दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. बुटाच्या कापडातून थेंब आत येत नाही. पण पाय घालायला वर ठेवलेलं भगदाड मोकळंच असतं आणि ओढ्याला नेमकं तेच सापडतं. नडगीएवढ्या पाण्यात एकदा पाय पडला की तोच वॉटरप्रूफपणा पाण्याच्या बाजूने उभा राहतो आणि आत आलेल्याला बाहेर सोडत नाही. मोजे भिजतात, कातडी पांढरी पडून सुरकुतते, आणि अशा मऊ कातडीवर बूट घासला की फोड हमखास. घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले तरी श्रावणातल्या हवेत ते तिसऱ्या दिवशीही ओलेच, आणि वास असा की शेजारून चौकशी व्हावी. सँडल ओढ्यात बुडते, बाहेर येते आणि चार पावलांत निथळते. चिखल नळाखाली जातो.

आगाशिवच्या लेण्यांत राहिलेल्या बौद्ध भिक्षूंनी हा प्रश्न मुळातूनच निकालात काढला होता: वर्षावासात प्रवासच बंद. एरवीसाठी विनयपिटकातल्या महावग्गात पादत्राणांची रीतसर चर्चा आहे. सोण नावाच्या भिक्षूचे पाय चालून चालून रक्ताळले, तेव्हा बुद्धांनी एकपदरी तळाच्या वहाणेची परवानगी दिली. १९८४ साली अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये नदीवर वाटाड्या असलेल्या मार्क थॅचरने साध्या चपलेला घोट्यामागून पट्टा जोडला, कारण चपला पाण्यात पायातून निसटत होत्या. ‘टेव्हा’ सँडल तिथून आली. मग आपली कोल्हापुरी काय वाईट, असं कुणी विचारेल. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सातारा आणि सांगली हे जिल्हेही आहेत, तेव्हा अभिमान रास्तच. पण ते चामडं पाण्यात फुगतं, म्हणून पाऊस आला की माणूस तिला काखेत मारून अनवाणी चालतो. पायताणाने माणसाला न्यायचं की माणसाने पायताणाला, हे एकदा ठरलं पाहिजे.

आक्षेप आहेत. ठेच लागते? अंगठा झाकणाऱ्या सँडल मिळतात. खडा शिरतो? पाय झटकला की जातो. बुटातल्या खड्यासाठी बैठक मारून लेस सोडावी लागते. कोयना-चांदोलीच्या रानातली जळू बुटातही शिरतेच; सँडलमध्ये ती निदान दिसते आणि तंबाखूची चिमूट वेळेवर कामी येते, बुटात तिचं जेवण निवांत होतं. शेवाळलेल्या कातळावर सँडल घसरेल, हेही खरं. पण बूटही घसरेल. तिथे बसून उतरावं आणि पँटचा विचार करू नये. उंच गवतातून, अंधारात जायचं असेल तर मात्र माझं काही चालत नाही. फुरशापुढे युक्तिवाद करण्यापेक्षा बूट घालावेत.

उरतो तो रुबाब, आणि पुरुषांचा खरा आक्षेप हाच असतो. दगडावर पाय रोवून, लेस आवळताना काढलेला फोटो सँडलमध्ये जमत नाही. पण हा फोटो बहुधा पायथ्यालाच काढून होतो. चढ त्यानंतर लागतो. तेव्हा फोटोपुरते बूट घालावेत, आणि डोंगर चढायला सँडल.