मतांची बेरीज, जागांचा गुणाकार

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत ज्याला इतर प्रत्येकापेक्षा एक तरी मत जास्त मिळते, तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मतदारांना तो नको असला तरी बिघडत नाही. नको म्हणणाऱ्यांनी एकाच नावावर एकमत करू नये, एवढेच पथ्य असते. हे पथ्य पाळले जावे म्हणून बंडखोर, अपक्ष आणि नामसाधर्म्याचे उमेदवार मतदारसंघामतदारसंघात कष्ट उपसतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात तुतारीशी गल्लत होणाऱ्या पिपाणी या चिन्हाला पडलेली मते विजयी मताधिक्यापेक्षा जास्त होती आणि तुतारीवाला उमेदवार पडला. वाद्यांची पारख लोकशाहीला इतकी उपयोगी पडेल, हे घटनाकारांच्या ध्यानात आले नसावे.

या पद्धतीचे गणित नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निकालात स्वच्छ दिसते. काँग्रेसला सुमारे १२.४ टक्के मते आणि १६ जागा मिळाल्या. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला जवळपास तितकीच मते आणि ५७ जागा. शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला ११.३ टक्के मतांत १० जागा, तर अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ९ टक्क्यांत ४१. कारण साधे आहे. मते किती पडली यापेक्षा कुठे पडली, हे येथे मोजले जाते. पुष्कळ ठिकाणी दुसरा येणारा पक्ष टक्केवारी कमावतो, मोजक्या ठिकाणी पहिला येणारा मंत्रिपदे. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या दोन्ही आघाड्यांची मते जवळजवळ सारखी होती, जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. पद्धतीतले दोष फक्त हरलेल्याला दिसतात आणि पुढच्या निकालाच्या दुपारपर्यंत त्याचीही नजर सुधारते.

यावरचा उपाय म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व: जितके टक्के मते, साधारण तितके टक्के जागा. जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती सुचवली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला दोन कारणांनी विरोध केला. या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते आणि तिच्यामुळे सभागृहाची लहान लहान गटांत शकले होऊन सरकार स्थिर राहत नाही. त्यानंतर १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास निघाली. २०११ मध्ये ती ७३ टक्के झाली. पहिले कारण असे झिजले. दुसरे अजून दिले जाते. सध्याच्या पद्धतीने निवडलेल्या महाराष्ट्राच्या २०१९ च्या विधानसभेने पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री पाहिले, त्यांपैकी एकाचा त्या काळातला कार्यकाळ चार दिवसांत आटोपला. स्थैर्य यालाच म्हणतात.

प्रमाणशीर पद्धत भारतात नाही, असा समज मात्र चुकीचा आहे. राज्यसभेसाठी आणि विधान परिषदेच्या आमदारांनी निवडायच्या जागांसाठी राज्यघटनेनेच ती सांगितली आहे. आमदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. कोटा पूर्ण झालेल्या उमेदवाराची जादा मते पुढच्या पसंतीला जातात, तळाशी राहिलेला बाद झाला की त्याचीही जातात. आमदाराचे मत वाया जाऊ नये, याची इतकी काळजी घेतलेली आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात विधान परिषदेच्या ११ जागांसाठी १२ उमेदवार उभे होते आणि २३ मतांचा कोटा होता. मतदारांची साक्षरता पुरेशी धरलेली असल्याने त्यांना फक्त काही दिवस पंचतारांकित हॉटेलात ठेवावे लागले.

सामान्य मतदारासाठी १९९९ मध्ये विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात मधला मार्ग सुचवला: आहेत त्या जागा तशाच ठेवाव्यात आणि लोकसभेत २५ टक्के जागा वाढवून त्या पक्षांच्या याद्यांतून मतांच्या प्रमाणात भराव्यात. यादी पद्धतीतही खोट आहे. यादीतला क्रम पक्षश्रेष्ठी लावतात, त्यामुळे मतदारसंघ सांभाळण्यापेक्षा बंगल्याची पायरी झिजवणे फायद्याचे ठरते. आज एका तिकिटासाठी होणारी नाराजी उद्या सातव्या आणि आठव्या क्रमांकावरून होईल. फुटकळ पक्षांनी सरकार ओलीस धरू नये म्हणून जर्मनीत पाच टक्क्यांची, इस्रायलमध्ये सव्वातीन टक्क्यांची किमान मर्यादा आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. पद्धत बदलण्याचा अधिकार जुन्या पद्धतीने निवडून आलेल्यांकडे असतो. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ या दोन्ही निवडणुकांत कमी मते मिळवलेल्या पक्षाला बहुमत मिळाले. अखेर १९९३ च्या सार्वमतात लोकांनी मिश्र प्रमाणशीर पद्धत स्वीकारली. कॅनडात जस्टिन ट्रुडो यांनी २०१५ ची निवडणूक जुन्या पद्धतीची शेवटची असेल, असे आश्वासन दिले. त्यांच्या पक्षाला ३९.५ टक्के मतांत ३३८ पैकी १८४ जागा मिळाल्या आणि २०१७ मध्ये त्यांनी आश्वासन मागे घेतले. भारतात हा प्रसंग टळला आहे. १९९९ नंतर भाजप आणि काँग्रेस दोघांनाही सत्ता मिळाली. विधी आयोगाची ती सूचना मात्र दोघांपैकी कोणीही अमलात आणली नाही.