दुखावलेल्या भावनांचे दप्तर

मुंबई उच्च न्यायालयाचे एक पीठ आपल्या दाराशी यावे, एवढ्या एका मागणीसाठी कोल्हापूर आणि भोवतालच्या पाच जिल्ह्यांतील वकिलांनी व पक्षकारांनी सुमारे चार दशके मोर्चे काढले, धरणी धरली, कामकाजावर बहिष्कार घातले, येईल त्या मुख्यमंत्र्याच्या हाती निवेदन दिले, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचचे कामकाज प्रत्यक्ष सुरू झाले तेव्हा करवीरनगरीला धन्यता वाटली, हे सर्व यथायोग्यच झाले. तथापि या चिकाटीचे मला राहून राहून नवल वाटते. ज्या नगरीत सकाळी फिर्याद, दुपारी निवाडा आणि दिवेलागणीच्या आत अंमलबजावणी करणारे न्यायासन भर चौकात उपलब्ध आहे, ज्याला कोर्ट-फी नाही, वकीलपत्र नाही, साक्षीपुराव्याची यातायात नाही आणि ज्याच्या निकालावर अपील म्हणून नाही, त्या नगरीने काळ्या डगल्यांच्या सावकाश न्यायासाठी चाळीस वर्षे घसा कोरडा करावा, हे केवळ पूर्वसंस्कारांचे बळ म्हटले पाहिजे.

या द्रुतगती न्यायासनाची एक प्रसिद्ध बैठक ७ जून २०२३ रोजी भरली. शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास काही पोरांनी औरंगजेबाच्या व टिपू सुलतानाच्या कौतुकाचे स्टेटस मोबाइलवर ठेवले. त्यावर बंदची हाक निघाली, छत्रपती शिवाजी चौकात जमाव लोटला, तेथून दगड गल्लीबोळांत शिरले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला आणि अखेरीस शहराचे इंटरनेटच बंद केले. आता, स्टेटस नावाची ही वस्तू चोवीस तासांनी आपोआप पुसली जाते, अशी तिची घडणच आहे. म्हणजे फिर्यादी पक्ष एक दिवस स्वस्थ बसून राहिला असता तर मुद्देमाल स्वतःहून नाहीसा झाला असता. परंतु एक दिवस स्वस्थ बसणे हे पौरुषाच्या आधुनिक व्याख्येत बसत नाही, आणि त्यामुळे चोवीस तासांच्या चित्रापायी शहराच्या माथी जे गुन्हे नोंदले गेले ते काही चोवीस तासांत पुसले गेले नाहीत.

चित्र लावणाऱ्यांचे अज्ञानही फोडणाऱ्यांच्या अज्ञानाहून उणे नव्हते, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. ज्या बादशहाला मिरवून शेजाऱ्याला खिजवण्याचा पराक्रम त्यांनी केला, तो बादशहा आयुष्याच्या उतरणीवर याच मुलखात किल्ल्यामागून किल्ल्यापुढे तंबू ठोकत हिंडला. पन्हाळा घेऊन तो खेळण्यापुढे, म्हणजे आपल्या विशाळगडापुढे, महिनोन्महिने बसला आणि अखेर १७०२ साली रक्कम मोजून त्याने तो किल्ला ताब्यात घेतला. परतीच्या वाटेवर सह्याद्रीच्या पावसाने त्याच्या फौजेची जी दैना केली तिची हकिकत त्याच्याच पक्षाच्या इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. अशा थकलेल्या, भिजलेल्या म्हाताऱ्याला विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात खिशातल्या काचेवर पुन्हा उभे करून काय साधते, हे त्या पोरांनाही सांगता आले नसते आणि त्यांच्या घरांवर दगड फेकणाऱ्यांनाही.

पुढच्याच वर्षी, त्याच पावसात, त्याच गडाकडे दुसरी फौज निघाली. गडावरील अतिक्रमणे हटवावीत ही मागणी मुळात कायद्याच्या चौकटीतली होती, तिच्यावर दाद मागण्याच्या वाटा खुल्या होत्या, किंबहुना काही प्रकरणे न्यायप्रविष्ट होती. तरीही १४ जुलै २०२४ रोजी माजी खासदार संभाजीराजे छत्रपतींच्या हाकेवर जो समुदाय निघाला, त्यातील एका टोळक्याला गडाचा चढ फार वाटला की काय न कळे; त्याने गडावरील अतिक्रमण सोडून पायथ्याच्या गजापुरातील मुसलमानवाडी गाठली, घरांची मोडतोड केली, वाहने पेटवली आणि मशिदीची नासधूस केली. ज्यांची घरे फुटली त्यांचा गडावरच्या बांधकामाशी संबंध काय, असा क्षुद्र प्रश्न चौकातल्या न्यायासनापुढे उपस्थित होत नसतो. दोन दिवसांनी संभाजीराजांचे वडील, खासदार शाहू छत्रपती, त्या वाडीत जाऊन लोकांची विचारपूस करून आले. आणि पावसाळ्यात कोणाचे राहते घर पाडू नये ही गोष्ट त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाला सरकारला सांगावी लागली. गजापूरची खिंड बाजीप्रभूंनी कोणासाठी आणि कोणाविरुद्ध लढवली, हे ठाऊक असलेले किती जण त्या टोळक्यात होते याचा शोध घेण्यात अर्थ नाही. परंतु ज्यांच्या नावाचा जयजयकार चालला होता, त्या शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणकडील आपल्या लष्कराच्या अंमलदारांना पत्र लिहून रयतेचे दाणे, वैरण, भाजीपाला यांना हात लावू नका, तसे केलेत तर तुमच्यापेक्षा मोगल बरे असे लोक म्हणू लागतील, अशा आशयाची सक्त ताकीद दिली होती, ही गोष्ट शालेय पुस्तकांतून सर्वांनी वाचलेली असते. वाचून ती परीक्षेच्या कामी येते आणि तेथेच संपते.

कोणी म्हणेल, ही सारी हल्लीची बिघडलेली हवा आहे. पूर्वी असे नव्हते. पूर्वीही असेच होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला आणि त्या अहिंसाव्रती पुरुषाच्या शोकाने व्याकूळ झालेल्या जमावांनी दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे व दुकाने पेटवली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्या शोकाग्नीत जळाला. शिवकाल पडद्यावर आणण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाचा स्टुडिओ गांधींच्या नावाने जाळला जातो आणि शिवरायांच्या नावाने निघालेल्या वाटेवर गजापूर फुटते. यावरून एवढे तरी दिसते की, जमावाला थोर पुरुष कोणता, याने फारसा फरक पडत नाही. काडी कोणत्याही पेटीतली चालते. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला, हे त्यांचे कोल्हापूरपण.

येथील माणसाला वैर ठाऊकच नव्हते असा भाबडा दावा मी करणार नाही. पेठापेठांतली ईर्षा हे या गावाचे चरित्र आहे. परंतु ईर्षेला येथे मैदान होते. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधले ते १९१२ साली पुरे झाले. तेथे उत्तरेकडचे मुसलमान मल्ल येत, लढत, जिंकत किंवा हरत, आणि ज्याने डाव चांगला टाकला त्याच्या फेट्यावर नोट लागे. तालमीत गणपती बसे आणि त्याच तालमीत मोहरमला पंजे बसत. शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल संघ भिडले की प्रेक्षकांत आजही प्रसंगी हातघाई होते, ते मला भूषणास्पद वाटते असे नव्हे. परंतु तेथे निदान पंच असतो, शिटी असते, आणि नव्वद मिनिटांनी सामना संपतो. नव्या पक्षनिष्ठेत नेमक्या याच तीन गोष्टी नाहीत. ती सकाळी चहाबरोबर सुरू होते, मिसळीच्या टेबलावर पोहोचते, सख्ख्या भावांच्या वाटणीत शिरते, लग्नपत्रिकेत कोणत्या नेत्याचे नाव कोणत्या ओळीत छापावे यावर सोयरीक मोडू पाहते, आणि रात्री झोपतानाही मोबाइल उशाशी घेऊन जागी राहते.

आणि ज्यांच्यासाठी हे जागरण, ती मंडळी मात्र गाढ झोपतात. २०१९ च्या लोकसभेला ‘आमचं ठरलंय’ म्हणत काँग्रेसचे सतेज पाटील आपल्याच आघाडीच्या धनंजय महाडिकांविरुद्ध शिवसेनेच्या संजय मंडलिकांना निवडून आणतात, पुढच्या लोकसभेला त्याच मंडलिकांविरुद्ध शाहू छत्रपतींना निवडून आणतात, आणि मधल्या काळात महाडिक भाजपतर्फे राज्यसभेत जाऊन बसतात. या वळणांवरून धापा टाकत धावणारा कार्यकर्ता प्रत्येक वळणावर कोणाशी तरी बोलणे टाकतो, आणि ते पुन्हा सुरू करण्याची सूचना त्याला कोणी देत नाही. कागलला तर राजकारणाचे विद्यापीठ म्हणतात ते उगाच नव्हे. घाटगे, मंडलिक आणि मुश्रीफ या तीन घराण्यांत मैत्रीची व वैराची जेवढी म्हणून जुळणी गणितशास्त्रास शक्य आहे तेवढी सर्व तेथे होऊन गेली. २०२४ च्या विधानसभेला ज्या हसन मुश्रीफ व समरजितसिंह घाटगे यांच्यासाठी गावोगाव दोन तट पडले, तेच दोघे पुढच्या वर्षीच्या नगरपरिषदेला एका मांडवात आले. नेत्यांनी एकत्र यावे, यात वाईट काहीच नाही. वैर संपणे हे शुभच. केवळ एवढेच की, तह झाल्याची वर्दी लढणाऱ्या शिपायांना फलकावरच्या छायाचित्रातून मिळते, आणि तोपर्यंत एखाद्याचा हात मोडलेला असतो.

या सर्व विनोदाच्या तळाशी एक गोष्ट आहे जिचा विनोद करता येत नाही. बिंदू चौक ही येथील वादविवादाची राजधानी. तेथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे १९५० साली, बाबासाहेब हयात असताना बसले, आणि ‘हिंमत असेल तर बिंदू चौकात या’ हे येथील राजकारण्यांचे आजही नित्याचे आव्हान आहे. अ‍ॅड. गोविंद पानसरे हे असल्या आव्हानाला खरोखरच येणाऱ्यांपैकी होते. शिवाजी महाराज कोण होते, हे त्यांनी एका छोट्या पुस्तकात मांडले, ते पुस्तक आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपले. ज्यांना ते पटले नाही त्यांना दुसरे पुस्तक लिहिण्याची पूर्ण मोकळीक होती. टोलविरोधी लढ्यात हे कम्युनिस्ट गृहस्थ सर्व पक्षांच्या माणसांबरोबर रस्त्यावर उभे राहिले होते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतताना सागरमाळ भागात घराजवळ त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडण्यात आल्या. २० तारखेला मुंबईत त्यांचे निधन झाले. पुण्यात दाभोलकर त्यापूर्वी गेले होते, धारवाडात कलबुर्गी आणि बंगळुरात गौरी लंकेश त्यानंतर गेल्या. पानसरे खटला दहा वर्षे उलटून गेल्यावरही निकालाच्या प्रतीक्षेत आहे. चौकातले न्यायासन मिनिटभरात जे करते त्याचा उलगडा करण्यास दुसऱ्या न्यायासनाला दशक पुरत नाही, तेव्हा तरुणांचा ओढा पहिल्याकडे का, हे समजण्यास विशेष बुद्धी लागू नये.

सबब, सरकारदरबारी माझी नम्र सूचना अशी की, करवीर मुक्कामी दुखावलेल्या भावनांचे एक स्वतंत्र खाते उघडावे, त्यास एक निबंधक, दोन अव्वल कारकून आणि एक दप्तरबंद नेमावा. ज्या कोणाची भावना दुखावली असेल त्याने विहित नमुन्यात अर्ज करावा. वादग्रस्त मजकूर आपण स्वतः वाचला आहे काय. वाचला असल्यास शेवटपर्यंत काय. नसल्यास तो ज्याने सांगितला त्याने तरी वाचला होता काय. भावना दुखावल्याची वर्दी आपणास प्रथम स्वतःच्या अंतःकरणातून मिळाली की समूहसंदेशातून, आणि समूहसंदेशातून मिळाली असल्यास तो पाठवणारा त्या वेळी कोठे होता, हे रकाने सक्तीचे असावेत. अर्ज आल्यापासून सात दिवस त्यावर कोणतीही कार्यवाही करू नये. माझा अदमास असा की, तेवढ्या मुदतीत बहुतेक अर्जदार दुसऱ्या भावनेच्या कामाला लागलेले असतील आणि खात्याचा निकालपत्रकातील आकडा राज्यात अव्वल राहील.

याच खात्यात चारित्र्य पडताळणीची खिडकीही जोडावी. पोलीसभरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या आमच्या खेड्यांतील पोरांना दंगलीतल्या एका कलमाने हा दाखला अडतो, ही गोष्ट दगड हातात देणाऱ्याने त्यांना सांगितलेली नसते. दोन्ही बाजूंची पोरे मग त्याच कार्यालयात, त्याच कारकुनाच्या पुढे, त्याच बोलीत गयावया करतात. धर्म, पक्ष आणि गट यांपैकी कोणताही भेद तो कारकून मानत नाही, आणि दाखला कोणालाच देत नाही.

राहता राहिले एक कलम, आणि ते या नगरीस अवघड जाऊ नये. कारण राज्याच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांकरिता राखून ठेवण्याचा शाहू महाराजांचा हुकूम याच करवीर दरबारातून २६ जुलै १९०२ रोजी निघाला होता. त्याच धर्तीवर, यापुढे निघणाऱ्या प्रत्येक आक्रमक मोर्च्याच्या पहिल्या रांगेतील पन्नास टक्के जागा मोर्च्याची हाक देणाऱ्या नेत्यांचे मुलगे, पुतणे व जावई यांच्याकरिता राखून ठेवाव्यात. परदेशी शिक्षणास गेलेल्यांना हजर होण्यास वाजवी मुदत द्यावी. पात्र उमेदवार न मिळाल्यास त्या जागा खुल्या वर्गातून भरू नयेत. अनुशेष पुढील मोर्च्यात ओढावा, आणि तो पुरता भरून निघेपर्यंत मोर्च्यास परवानगी देऊ नये.