करंट पाहणारे काकाजी

करंट पाहणारे काकाजी हा माणसांचा प्रकार टू-स्ट्रोक स्कूटरच्या बरोबरीने वाढला. बजाज चेतक 1972 साली आली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणारी ती गाडी सहजासहजी मेकॅनिकच्या हवाली करण्याची कोणाची छाती नव्हती. तेव्हा मालकच अर्धा मेकॅनिक झाला आणि निवृत्तीनंतर पुरता झाला. नागपूरजवळच्या कन्हानचे हवामान या प्रकाराला विशेष मानवते. नागपूर-जबलपूर रस्त्यावरची कोळशाच्या ट्रकांची धूळ, मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जाणारा पारा आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतून निवृत्त झालेली हुशार, रिकामी माणसे येथे एकाच चौकात सापडतात.

काकाजींची ओळख डिक्कीतल्या ऐवजावरून पटते. प्लग पाना, एक जुना पण ‘चालणारा’ प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक लग्नपत्रिका. लग्न कोणाचे होते हे काकाजींना आठवत नाही. पत्रिकेची जाडी मात्र पाठ असते, कारण करंट तोडणाऱ्या पाईंटमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर लागते आणि फीलर गेज शेजाऱ्याने नेलेला असतो.

काकाजींचा खास विषय म्हणजे प्लगपर्यंत कधी येणारा आणि कधी जाणारा करंट. कायमची बंद पडलेली गाडी त्यांना क्षुल्लक वाटते. खरी गाडी कामठीहून निघते, कन्हानच्या पुलावर फटफट करीत बंद पडते, ढकलत दुकानापर्यंत नेली की पहिल्या किकला चालू होते. मेकॅनिक म्हणतो, “काहीच तर नाही झालं.” मालक खजील होतो. येथे चूक कोणाचीच नसते. ढकलण्यात वीस मिनिटे जातात, तेवढ्यात इंजिन निवते आणि दोष लपतो. दोष दिसायचा तर तापलेल्या गाडीजवळच बसून राहावे लागते. एवढा वेळ कन्हानात फक्त काकाजींकडे असतो.

गाडी बंद पडली की आधी बघे जमतात. एक जण ती कलती करायला सांगतो, दुसरा पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचे जाहीर करतो. काकाजी दोघांनाही हाताने थांबवतात आणि टाकीचे झाकण उघडतात. झाकणाचे छिद्र धुळीने बुजले की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल उतरत नाही आणि दोष बिचाऱ्या करंटवर येतो. झाकण उघडताच ‘फुस्स’ झाले तर प्रकरण तिथेच मिटते. मग प्लग निघतो. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे पण ठिणगी कमी पडते. कोरडा असेल तर पेट्रोलच अडले आहे. “पहिले प्लग पाहा लागते जी,” हे वाक्य येथे उच्चारले जाते.

पुढची पायरी म्हणजे प्लग कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवणे आणि कोणाला तरी किक मारायला लावणे. किक मारणारा नेहमी दुसराच असतो. ठिणगी निळी आणि ठसठशीत हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी कामाची नाही. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले की काजळीचा कण प्लगच्या दोन टोकांत अडकतो आणि ठिणगी उडतच नाही. बाहेर उत्तम उडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली मान टाकू शकते, हे खरे काकाजी जाणतात. नकली काकाजी बाहेरची ठिणगी पाहून चहा मागवतात.

प्लग निर्दोष ठरला तर संशय कंडेन्सरवर जातो. तो थंडपणी ठीक असतो, तापला की दगा देतो. मग पाईंटवर नको तेवढ्या ठिणग्या उडतात आणि पाईंट जळतात. त्याच्या शेजारी मॅग्नेटखालच्या कॉइलच्या तारा असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांचे आवरण कडक होऊन तडकते आणि हादऱ्याने तार धातूला लागते. स्विचकडे जाणारी, करंट बंद करणारी तार आणखी खट्याळ असते. ती हँडलजवळ सोलली गेली तर गाडी फक्त वळताना बंद पडते. अशी स्कूटर तारसा रोडकडे वळली की थांबते आणि मालकाला चौकाचीच भीती बसते. ती तार क्षणभर सोडवून गाडी चालवून पाहणे हा अचूक उपाय आहे. मग गाडी बंद करायला मात्र गिअरमध्ये ब्रेक दाबावा लागतो, हे काकाजी शेवटी सांगतात.

या प्रकारात एक ठळक उणीव आढळते. एका वेळी एकच वस्तू बदलून पाहावी, हा नियम काकाजी इतरांना शिकवतात आणि स्वतः प्लग, पाईंट, कंडेन्सर एकदम बदलतात. गाडी सुरू होते, दोष कुठे होता हे कोणालाच कळत नाही, आणि श्रेय कंडेन्सरला मिळते, कारण तो काकाजींनी आधीच सांगितला होता.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले तेव्हा पाईंट गेले, लग्नपत्रिका निरुपयोगी झाली आणि काकाजींसमोर एक बंद डबी उरली. त्यांनी तिचा राग धरला, पण मॅग्नेटखालची कॉइलही तापल्यावर दगा देते हे कळताच ते सावरले. 2020 साली विजेवरची चेतक विक्रीला आली. तिला प्लग नाही, किक नाही आणि कलती करण्याचे कारणही नाही.

तरीही जुन्या चेतकचे मालक अजून आहेत. त्यांनी एक चांगला प्लग आणि एक कंडेन्सर डिक्कीत ठेवावा, गाडी तापल्यावरच तपासावी, एका वेळी एकच वस्तू बदलावी. आणि काकाजी दिसले तर थांबावे. निदान दहात सात वेळा चुकेल, पण किक मारायला माणसे जमतील.