मा. शोषखड्डा यांस

पार्किंगचा मागचा कोपरा, आमची सहकारी गृहरचना संस्था, पुणे.

स. न. वि. वि.

मंजूर नकाशावर आपण फार रुबाबदार दिसता. १.२० मीटर लांब, तेवढेच रुंद, दोन-अडीच मीटर खोल, पोटात खडी नि वाळू. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचे पाणी साठवणे वा जिरवणे सक्तीचे आहे, म्हणून आपला जन्म. आपल्याच पुण्याईने भोगवटापत्र मिळाले आणि मिळकतकरात ५ टक्के सवलतही चालू आहे. या उपकारांची जाण ठेवून समितीने आपल्या झाकणावर फरशी बसवली व तिच्यावर चेअरमनसाहेबांची गाडी उभी केली. आपल्याला ऊन लागू नये, एवढाच हेतू.

काही सभासद मात्र कटकट करतात. एका निवृत्त प्राध्यापकांनी सर्वसाधारण सभेत हिशेबच मांडला. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची ५०० चौरस मीटर, पुण्याचा पाऊस धरा ७०० मिलिमीटर. झाले साडेतीन लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी दहा हजार लिटरचे २८ टँकर! तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढील सभेवर गेला.

नियमाचे हट्टही भारी. पहिल्या सरींचे घाण पाणी बाहेर सोडायला झडप हवी. आपली आहे की, रंगसुद्धा दिलाय. फक्त गच्चीचा पाइप तिच्यापर्यंत न येता वाटेतल्या ड्रेनेजच्या चेंबरात उतरतो. पाइपांच्या तोंडाला डासांची जाळी हवी. ती दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी कुरडया झाकायला नेली आहे.

व्यवस्था नीट न राखल्यास दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते, हे वाचून खजिनदारांना घाम फुटला. मग त्यांनी टँकरची बिले काढून पाहिली आणि ही रक्कम चिल्लर आहे म्हणून निवांत झोपले. नियम शहाणाच आहे हो. बांधकामाचा दाखला दिला की तो पुन्हा फिरकत नाही, हा त्याचा मोठेपणा.

यंदा मात्र गुरुवारी सवलतीची तपासणी आहे. गाडी हलवू, फरशी काढू. आपण फक्त ओले दिसायचे. बुधवारी रात्री टँकर आला की त्यातल्या चार बादल्या आपल्यात ओतायला वॉचमनला सांगून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
मानद सचिव