तीनशे सीसीचा गुन्हा

मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाचा अर्थ सोप्या मराठीत असा: गाडी तुमची, पण ती कशी असावी हे ठरवणार कंपनी. हप्ते तुम्ही फेडा, दसऱ्याला झेंडूचा हार तुम्ही घाला, चाकाखाली लिंबू तुम्हीच ठेवा. बॉनेटखालचा ऐवज मात्र कंपनीने दिला तसाच राहिला पाहिजे. आरसी बुकात 1197 सीसी लिहिलं असेल तर गाडी भंगारात जाईपर्यंत 1197. थोडक्यात, आपण गाडीचे मालक नसून सीट कव्हरचे मालक आहोत.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच बजावलं. कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात 182अ हे कलम घुसलं. असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द ज्याने घातले त्याने आमच्या भाच्याची गाडी पाहिलेली असणार.

भाचा पुण्याचा. परवा म्हणाला, “मामा, इंजिन बदलायचंय. बाराशेचं काढून पंधराशेचं.”

“जुनं बसलं का रे?”

“छे! झकास चालू आहे. पण पिकअप नाही.”

हा पिकअप त्याला हवाय चांदणी चौक ते हिंजवडी या टापूत. तिथे सकाळी नऊला तिसरा गिअर पडला तर घरी फोन करून सांगावं अशी परिस्थिती. पण तरुण रक्ताशी वाद घालू नये, म्हणून त्याच्याबरोबर गॅरेजात गेलो.

मिस्त्री वल्ली होता. चेन ब्लॉकला कुणाचं तरी इंजिन लटकत होतं आणि त्याच्या खालीच डबा उघडून एक पोरगा जेवत होता. “कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून उचलू,” मिस्त्री म्हणाला. “अ‍ॅक्सिडेंटच्या गाडीचं, कमी चाललेलं. माउंटिंग वेल्डिंग करू. वायरिंग, ईसीएम सगळं त्याच गाडीचं घेऊ.”

“आणि ब्रेक?”

“ब्रेकला काय धाड भरलीय? तेच राहतील.”

इथे मला नाइलाजाने सरकारच्या बाजूला जाऊन उभं राहावं लागतं. ब्रेकच्या डिस्का, ड्राइव्ह शाफ्ट, पुढच्या स्प्रिंगा, रेडिएटर हा सगळा संसार जुन्या इंजिनाच्या वजनाशी आणि जोराशी जुळवून मांडलेला असतो. इंजिन वाढलं की पळायची सोय होते, थांबायची जुनीच राहते. गाडीचा मूळ नमुना बाजारात येण्याआधी त्याच्या चाचण्या व्हाव्या लागतात. त्या करणारी एआरएआय ही संस्था तर भाच्याच्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर बसली आहे. मिस्त्रीची चाचणी म्हणजे गल्लीत एक चक्कर मारून “मक्खन!” म्हणणं.

“पण आरटीओत इंजिन नंबर?” मी विचारलं. पासिंगच्या वेळी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि आकडे छापून घेतात, हे मी पाहिलं होतं. मिस्त्रीने ग्राइंडरकडे बोट दाखवलं. “जुना घासायचा, तुमचा पंच करायचा. हाय काय, नाय काय!” चोरीच्या गाड्यांवरही हेच संस्कार होतात, असं मी म्हणताच भाच्याचा पिकअप एकदम कमी झाला.

कायद्याने सगळी दारं बंद केली आहेत असं मात्र नाही. इंजिन निकामी झालं, तर आधी परवानगी घेऊन तसंच दुसरं बसवता येतं. मंजूर झालेलं सीएनजी किट चालतं. इतकंच काय, मंजूर किट असेल तर इंजिन उपटून फेकून त्या जागी बॅटरी आणि मोटर बसवायलाही हरकत नाही. म्हणजे इंजिन अजिबात नसलं तरी सरकारला चालतं, पण जरा मोठं झालं की डोळ्यांत खुपतं.

गंमत पुढेच आहे. भाच्याची गाडी याच सांगाड्यात कंपनीने पंधराशेचं पेट्रोल इंजिन घालूनही विकलेली आहे. कंपनीने घातलं तर ते ‘व्हेरिअंट’, भाच्याने घातलं तर कलम. आणि या दोहोंच्या मधे उभा आहे कर. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 18 टक्के जीएसटीत येते, आणि एक सीसी वाढला की 40 टक्क्यांत. त्या एका सीसीत म्हणजे चमचाभरही पेट्रोल मावत नाही. मावतात ते 22 टक्के. छोट्या दराने गाडी घ्यायची आणि कुर्ल्याहून इंजिन आणून मोठं व्हायचं, ही सोय कुठलं अर्थखातं गोड मानून घेईल?

कंपन्यांना मात्र सीसी म्हणजे शर्टाची बटणं. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिंद्राच्या गाड्यांचं इंजिन 2179 सीसीचं होतं. नवं वर्ष उजाडतं न उजाडतं तोच कंपनीने 1990 सीसीचं इंजिन बाजारात आणलं. प्रदूषण किती घटलं ते दिल्लीच्या फुप्फुसांना विचारा, पण नियम अगदी दहा सीसी राखून पाळला गेला. ऑगस्ट 2016 मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क घेऊन बंदी उठली. एक टक्क्यात हवा स्वच्छ झाली असावी.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि नवा बेत काढला. शर्यतीच्या गाडीला नंबरप्लेट लागत नाही. एक जुनी गाडी खास त्यासाठी घ्यायची, तिच्यात हवं ते इंजिन घालायचं आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पळवायची. प्रश्न एवढाच, की नोंदणी नसलेली गाडी रस्त्याने तिथवर जाणार कशी? तर ट्रकवरून. त्याने लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला, भाडं विचारलं आणि गाडीत केवढं इंजिन बसणार तेही उत्साहाने सांगून टाकलं.

पलीकडून प्रश्न आला, “ते राहू द्या साहेब. गाडी स्वतः ट्रकवर चढंल, का ढकलायला माणसं लागतील?”